लेदर जॅकेट आणि शूज ऑनलाईन घेताय? आधी हवामान बघा, मग ब्रँड

मोबाईल घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी सगळं तपासतो. दोन हजारांचे इअरबड घ्यायचे तरी चार व्हिडिओ बघतो. पण लेदर जॅकेट किंवा बूट घेताना काय करतो? फोटो भारी दिसला, डिस्काउंट दिसला की लगेच 'बाय नाऊ'. मीही हेच केलं होतं.

पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या पगारातून मी एक काळं 'डिझायनर बायकर जॅकेट' मागवलं. साडेसहा हजार रुपये. माझ्यासाठी ती मोठी रक्कम होती, घरी किंमत खरी सांगितलीच नाही. पहिल्या थंडीत भरपूर मिरवलं. मग ते ठाण्यातल्या आमच्या कपाटात लटकत राहिलं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या डिसेंबरला बाहेर काढलं तर कॉलर आणि खांद्यावरून काळे पोपडे निघायला लागले, भिंतीचा रंग निघतो तसे. आईने हात लावून एकच शब्द वापरला, "रेक्झिन."

मी परत त्या जुन्या ऑर्डरचं पान उघडलं. खाली, बरंच खाली, 'मटेरियल : पीयू' असं लिहिलेलं होतं. म्हणजे मला कोणी फसवलं नव्हतं. मी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून मी लेदरच्या वस्तूंची माहिती अगदी फोनच्या स्पेसिफिकेशनसारखी वाचतो. आजच्या लेखात तेच सांगणार आहे : पानावरच्या शब्दांचा अर्थ काय, आणि कोणत्या हवेला काय टिकतं.

पानावर लिहिलेल्या शब्दांचा खरा अर्थ

जनावराचं कातडं बरंच जाड असतं. कारखान्यात ते मशीनवर आडवं फाडून त्याचे थर वेगळे करतात, पोळीचे पापुद्रे सुटावेत तसे. सगळ्यात वरचा थर, जिथे केस असतात तिथला, हा सर्वात घट्ट विणीचा आणि मजबूत असतो. तो घासून गुळगुळीत न करता तसाच ठेवला तर त्याला 'फुल ग्रेन' म्हणतात. त्यावर जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डासांचे डाग, सुरकुत्या दिसतात. ते दोष नाहीत, उलट ती ओळख आहे. वरून थोडं घासून, रंग आणि फिनिश देऊन एकसारखं केलं की ते 'टॉप ग्रेन' किंवा 'करेक्टेड ग्रेन'. खालचा थर म्हणजे 'स्प्लिट'. त्याची विण सैल असते. बरंचसं स्वेड या थरातून येतं, आणि याच थरावर प्लास्टिकचा मुलामा देऊन स्वस्त बूटही बनवतात.

आता सगळ्यात फसवा शब्द : 'जेन्युइन लेदर'. वाचताना वाटतं की ही सर्वात वरची प्रत असणार. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की यात जनावराचं कातडं आहे. कोणता थर, किती जाड, वर किती मुलामा, काहीच कळत नाही. चांगला माल विकणारा 'फुल ग्रेन काउ लेदर' किंवा 'शीप नापा' असं स्पष्ट लिहितो, कारण त्याला त्याचेच पैसे मिळतात. त्यामुळे नुसतं 'जेन्युइन' दिसलं की मी अजून खाली वाचतो.

'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचे तुकडे आणि भुगा गोंदासारख्या पदार्थात मिसळून दाबलेला पत्रा. जॅकेटसाठी किंवा बुटासाठी घेऊच नका. 'फॉक्स लेदर', 'लेदरेट', 'पीयू लेदर', 'व्हेगन लेदर' या चारही नावांमागे बहुतेक वेळा एकच वस्तू असते : कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा थर. आपल्या घरात ज्याला रेक्झिन म्हणतात त्याचीच भावंडं. कातडं वापरायचं नाही म्हणून कोणी विचारपूर्वक हे घेत असेल तर त्यात काही चूक नाही. फक्त ते किती वर्षं टिकणार हे माहीत असावं.

पीयू आपल्याकडेच लवकर का उकलतं?

लोक म्हणतात 'माल हलका होता'. ते अर्धंच खरं आहे. पॉलियुरेथेन हे लांबलचक साखळ्यांचं प्लास्टिक. त्यातला पॉलिएस्टर जातीचा प्रकार स्वस्त असतो, पण हवेतली पाण्याची वाफ या साखळ्या हळूहळू तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. हवा जितकी उष्ण आणि दमट, तितका वेग जास्त. म्हणजे मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी ही पीयूसाठी जवळपास प्रयोगशाळाच. जॅकेट तुम्ही वापरा किंवा नका वापरू, कपाटातही ते मरतच असतं. माझं जॅकेट दोन वर्षांत मोजून पंधरा-वीस वेळा अंगावर गेलं असेल.

हाच प्रकार बुटांच्या तळाचा होतो. लग्नासाठी घेतलेले बूट चार-पाच वर्षं बॉक्समध्ये नव्यासारखे असतात, आणि एक दिवस घालून निघालात की तळ बिस्किटासारखा चुरा होऊन रस्त्यावर पडतो. माझ्या काकांचा तर वरातीतच पडला. तोही पीयूचाच सोल. म्हणून क्वचित वापरायच्या बुटाला रबर किंवा टीपीआरचा सोल बरा. आणि 'ठेवणीतले' बूट ही कल्पनाच पीयूच्या बाबतीत सोडून द्यायची.

बोटांनी हात लावता येत नाही, मग मोबाईलवर काय तपासायचं?

पहिलं म्हणजे किमतीचं साधं गणित. एका मोठ्या माणसाच्या जॅकेटला साधारण ३० ते ४० चौरस फूट चामडं लागतं. मेंढीचं एक कातडं पाच-सात चौरस फुटांचं, म्हणजे पाच ते सात कातडी झाली. त्यावर अस्तर, चेन, शिलाई, दुकानदाराचा नफा, कुरिअर. हे सगळं धरून १,४९९ रुपयांत 'प्युअर लेदर' जॅकेट येत असेल तर ते चामड्याचं असूच शकत नाही. 'एमआरपी १२,९९९' वर काट मारलेली असली तरी नाही.

दुसरं, फोटो मोठा करून कडा बघा. खऱ्या चामड्याची कापलेली कड जाड, तंतूमय दिसते. पीयूची कड पातळ, आणि तिच्यात खालचं कापड दिसतं. बारीक रवाळ नक्षी सगळीकडे अगदी एकसारखी, छापल्यासारखी असेल तर ती बहुधा छापलेलीच असते. विक्रेत्याने कडेचा किंवा आतल्या बाजूचा एकही फोटो दिला नसेल, तर मी ते पान बंद करतो.

तिसरं, फोटोवर गुगल लेन्स चालवा. एकच फोटो सात वेगवेगळ्या 'डिझायनर' नावांनी, सात वेगवेगळ्या किमतींना सापडला की समजून जा, यातल्या कुणीच ते जॅकेट डिझाईन केलेलं नाही. हे मी स्वतः इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिलं काम हेच करतो.

चौथं, रिव्ह्यू 'नवीन आधी' असे नाही, तर जुने शोधून वाचा. 'कालच आलं, मस्त आहे' याचा उपयोग शून्य. 'एक पावसाळा झाला' असं लिहिणारा माणूस सोन्यासारखा. शोधताना 'पील', 'क्रॅक', 'स्मेल' हे शब्द टाकून बघा. आणि मूळ देश व विक्रेत्याची माहिती पानावर देणं २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार बंधनकारक आहे. ती सापडत नसेल तर पुढे जाऊ नका.

पाण्याचा थेंब टाकून बघा, काडी पेटवून बघा, असे व्हिडिओ खूप फिरतात. थेंबाची चाचणी अर्धीच खरी : साधं चामडं पाणी शोषतं, पण फिनिश केलेलं खरं चामडंही थेंब अंगावरून घरंगळू देतं. आणि काडी पेटवून तपासायचं म्हणजे परतीचा हक्क स्वतःच्या हाताने जाळणं.

बुटावरची चार चिन्हं

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि इतकी सोपी आहे की चीड येते. युरोपात १९९४ च्या एका निर्देशानुसार बुटावर त्याचं साहित्य चित्रांनी किंवा शब्दांत दाखवावं लागतं. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक परदेशी ब्रँडच्या बुटांवरही ते स्टिकर असतं : तळाला, जिभेच्या आत किंवा बॉक्सवर. ताणून पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकारात मध्ये चौकट, म्हणजे पतंगासारखा समभुज चौकोन असेल तर मुलामा दिलेलं चामडं. जाळीसारखी विण म्हणजे कापड. आणि नुसता समभुज चौकोन म्हणजे इतर साहित्य, यात रबर आणि सगळं प्लास्टिक आलं.

ही चिन्हं तीन भागांसाठी वेगवेगळी असतात : वरचा भाग, आतलं अस्तर, आणि खालचा सोल. म्हणजे 'लेदर शूज' म्हणून घेतलेल्या बुटाचा वरचा भाग चामड्याचा आणि अस्तर प्लास्टिकचं असू शकतं. उन्हाळ्यात पायाला घाम आणि वास कशामुळे येतो याचं उत्तर बऱ्याचदा त्या मधल्या चिन्हात असतं.

पावसाळा : इथेच सगळे पैसे वाया जातात

स्पष्ट सांगतो, जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत, मुंबईत, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी चामडं पायात घालायचंच नाही. रबर, ईव्हीए, नाहीतर पूर्ण प्लास्टिकचे सँडल. ऑफिसला बूटच लागत असतील तर ते बॅगेत न्या आणि तिथे बदला. लोकलमध्ये निम्मे लोक हेच करतात, यात लाजण्यासारखं काही नाही.

कारण समजून घ्या. चामडं म्हणजे तंतूंचं जाळं, आणि ते मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. भिजलं की पाणी तंतूंमध्ये शिरतं. वाळताना ते पाणी बाहेर पडतं आणि थोडं तेलही सोबत घेऊन जातं. घाईने वाळवलं तर तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात, आणि मग वाकताना तडे जातात. मी एकदा भिजलेले बूट सकाळपर्यंत वाळावेत म्हणून हेअर ड्रायरने वाळवले. सकाळी ते वाळले होते खरे, पण पुढच्या बाजूला, बोटं वाकतात तिथे, आडवी भेग पडली होती. सोलही एका कडेने सुटला होता, कारण गरम हवेने चिकटवलेला गोंद सैल झाला.

बूट भिजलेच तर काय कराल? आधी लेस आणि आतली पट्टी काढा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तास-दोन तासांनी बदला. पंख्याखाली, सावलीत, आडवे ठेवा म्हणजे तळालाही हवा लागेल. ऊन नको, गॅसजवळ नको, फ्रिजच्या मागे नको. पूर्ण सुकायला एक-दोन दिवस लागतील, लागू द्या. सुकल्यावर बोटभर लेदर क्रीम चोळा. पांढरे चट्टे उमटले तर ते घामातलं किंवा पाण्यातलं मीठ असतं. ओलसर फडक्याने सगळा बूट एकसारखा पुसायचा, फक्त डाग घासत बसलात तर कडा उमटतात.

स्वेड आणि नुबुक पावसात अजिबात नको. त्यावर मारायचा 'वॉटरप्रूफ' स्प्रे मिळतो, पण तो रिमझिम पावसापुरता. आपल्या पावसाला तो स्प्रे काय समजणार? चामड्याचा गुळगुळीत सोल तर ओल्या फरशीवर सरळ घसरतो. रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर हे अनुभवायची गरज नाही.

बूट कसे जोडलेत तेही बघा. बहुतेक स्वस्त बुटांचा सोल नुसता चिकटवलेला असतो. 'गुडइयर वेल्ट' लिहिलेलं असेल तर वरचा भाग आणि सोल यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेली असते. असा बूट महाग, जड, पण झिजलेला सोल काढून नवा लावता येतो. तुम्ही रोज बूट घालणारे असाल तर हा हिशोब मांडून बघा. वर्षातून चार वेळा घालणार असाल तर सोडून द्या.

बुरशी

पीयू जॅकेट गेल्यावर मी पैसे साठवून मेंढीच्या चामड्याचं खरं जॅकेट घेतलं. या वेळी हुशारी म्हणून ते त्याच्याच प्लास्टिक कव्हरमध्ये नीट पॅक करून ठेवलं. सप्टेंबरात उघडलं तर पाठीवर हिरवट-पांढरी लव आणि कुबट वास. माझ्याच हाताने मी बुरशीला घर बांधून दिलं होतं.

फोनच्या हवामान ॲपमध्ये तापमानाच्या खाली आर्द्रतेचा आकडा असतो, तो आपण कधी बघत नाही. तो बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिला की चामड्यावर बुरशी धरायला लागते. मुंबईच्या पावसाळ्यात तो दिवसेंदिवस ८०-९० असतो. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ओल अडकते, त्यामुळे सुती कव्हर किंवा जुनी उशीची खोळ वापरा. रुंद खांद्याचा हँगर घ्या. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर थोडं पुढे ओढा. आठवड्यातून एकदा जॅकेट बाहेर काढून पंख्याखाली अर्धा तास टांगा, एवढ्याने निम्मं काम होतं. मोबाईलच्या बॉक्समधल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या कपाटात टाकून काही होत नाही. त्या घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात उपयोगी, अख्ख्या कपाटाची ओल त्यांच्या आवाक्यात नाही.

बुरशी आलीच तर घराबाहेर किंवा गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. मग निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. आधी आतल्या कोपऱ्यात करून बघा, रंग जात नाही ना. सावलीत वाळवा, मग क्रीम. खोबरेल तेल लावू नका, डाग पडतात आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. माझं जॅकेट या पद्धतीने वाचलं. अस्तरातला वास जायला मात्र पुढची दिवाळी उजाडली.

थंडी : जॅकेट कोणतं आणि मापाचं काय?

लेदर जॅकेट वारा अडवतं, पण स्वतः फारशी ऊब देत नाही. ऊब अस्तरातून आणि आत घातलेल्या कपड्यातून येते. हे लक्षात आलं की निवड सोपी होते. मुंबईच्या जानेवारीला मेंढीचं पातळ, ०.७ ते ०.९ मिलिमीटरचं जॅकेट आणि पातळ अस्तर पुष्कळ झालं, तेही रात्रीच. पुण्याच्या पहाटेला, नाशिक-निफाडच्या थंडीला आत हुडी किंवा स्वेटर बसेल असं, जाड अस्तराचं घ्या. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तिथे सॅटिनच्या अस्तराचं जॅकेट अंगावर थंडगार पत्र्यासारखं लागतं.

गंमत म्हणजे या सगळ्या 'डिझायनर' आकारांचा जन्म हवामानातूनच झाला. बायकर जॅकेट १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी मोटरसायकलवाल्यांसाठी बनवलं, नाव 'परफेक्टो'. तिरकी चेन का? पुढे वाकून बसल्यावर ती पोटात रुतत नाही आणि समोरचा वारा आत घुसत नाही. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडोने तसं जॅकेट घातलं आणि ती फॅशन झाली. कंबरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी असलेलं बॉम्बर जॅकेट अमेरिकन वैमानिकांचं. ए-२ हा प्रकार १९३१ चा. ती पट्टी वारा अडवायला होती, शोभेला नाही. म्हणून मी विचारतो : मला वारा अडवायचाय का? बाईकवर असतो का? नाहीतर साधं सरळ चेनचं जॅकेट पुरतं.

मापासाठी 'एल' किंवा 'एक्सएल' यावर विश्वास ठेवू नका. तुमचं नीट बसणारं एखादं जॅकेट जमिनीवर पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा, आणि ते आकडे पानावरच्या तक्त्याशी जुळवा. कोपरापाशी आणि पाठीत चामडं वापराने थोडं सैल होतं. खांदा मात्र सैल होत नाही. खांदा चुकला तर सगळं चुकलं.

बुटांचं माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे साधारण पावणेसात मिलिमीटर. त्यामुळे दोन्ही तक्ते कधीच अचूक जुळत नाहीत, आणि एकाच पायाला एका ब्रँडचा ८ आणि दुसऱ्याचा ९ बसतो. पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. दोन्ही पावलांची. बहुतेकांचं एक मोठं असतं.

बाईकवाल्यांसाठी : हा भाग सोडू नका

माझा एक मित्र नाशिकहून येताना घसरला. अंगात 'बायकर' जॅकेट होतं, माझ्यासारखंच पीयूचं. डांबरावर कोपर दोन-तीन मीटर घासलं असेल. बाहीचा वरचा थर वितळून फाटला, खालचं कापड जखमेत रुतलं. टाके पडले, हात वाचला. डॉक्टरांना जखमेतून काळे कण वेचून काढावे लागले.

फॅशनचं जॅकेट आणि चालवायचं जॅकेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मेंढीचं मऊ नापा खऱ्या चामड्याचं असलं तरी घर्षणाला लवकर फाटतं. रायडिंग जॅकेटला गाईचं किंवा म्हशीचं चामडं असतं, साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाड, मोक्याच्या शिवणी दुहेरी, आणि खांद्या-कोपराला पॅड. पानावर 'ईएन १७०९२' हे युरोपियन मानक शोधा. त्यात एएए, एए, ए असे वर्ग असतात, एएए सर्वात वरचा. पॅडसाठी वेगळं मानक 'ईएन १६२१'. 'राइडर स्टाईल', 'मोटो लूक' हे शब्द म्हणजे मानक नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात चामड्याचं रायडिंग जॅकेट सोसवत नसेल तर जाळीचं, पण याच मानकाचं घ्या. विदर्भातले रायडर बहुतेक तेच वापरतात.

उन्हाळा, आणि कोल्हापुरी

मे महिन्यात जॅकेटबद्दल काय बोलायचं! फक्त एक : बूट किंवा जॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. गोंद सुटतो, चकचकीत पेटंट लेदरला तडे जातात.

पायासाठी मात्र आपल्याकडे उन्हाळ्याचं उत्तर आधीपासून आहे. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते मऊ असतं, झटपट तयार होतं आणि पाण्याला जरा बरं टिकतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. याला वेळ लागतो, पण ते घाम शोषतं, पायाचा आकार घेतं, आणि पारंपरिक जोडीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवतात. नवी असताना चावते, हे खरं. माझे आजोबा नवी कापशी आणली की तेलाचं बोट फिरवून दोन दिवस ठेवायचे, मग घरातल्या घरात घालायचे, तिची करकर सगळ्या वाड्याला ऐकू जायची. पण ही चप्पल पाण्याची शत्रू. एकदा चिखलात भिजली की तळाचे थर फुगून उकलतात. ऑक्टोबर ते मे, बस्स.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथे संताप झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला लिहिलेल्या पत्रात भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. त्याच वर्षी 'लिडकॉम' या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने चपलांसाठी क्यूआर कोड आणला. स्कॅन केला की कारागीर कोण, चप्पल कुठे बनली ही माहिती दिसते. ऑनलाईन 'कोल्हापुरी' शोधलं की निम्मे निकाल पीयूचे येतात, म्हणून हा कोड आहे का ते आधी विचारा. कोल्हापूरला जाणार असाल तर चप्पल लाईनमध्ये जाऊन पायात घालून बघण्याला पर्याय नाही. तिथे तळ वाकवून बघा, कड बघा, वास घ्या. रेक्झिनचा वास लपत नाही.

परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. टोरोंटो किंवा तशा बर्फाच्या शहरात रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटावर पांढरे पट्टे उमटवतं आणि चामडं कोरडं करतं. इथून सपाट सोलचे फॉर्मल बूट नेऊन तिथे घसरण्यापेक्षा हिवाळी बूट तिथेच घ्या. जॅकेट मात्र इथून नेलं तरी चालेल, वरून कोट लागेलच.

पार्सल आल्यावर

ऑर्डर करतानाच मटेरियल लिहिलेल्या भागाचा स्क्रीनशॉट काढा, कारण नंतर पान बदलू शकतं. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या, सलग. टॅग लगेच काढू नका. कड, आतली बाजू, स्टिकर बघा. बुटात घरातल्या फरशीवर दहा मिनिटं चाला. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

मी हे एकदा वापरलंय. 'लेदर अप्पर' म्हणून मागवलेल्या बुटांच्या जिभेखाली स्टिकर होतं आणि तिन्ही भागांपुढे नुसता समभुज चौकोन. विक्रेत्याने आधी 'हे प्रीमियम लेदरच आहे सर' असं उत्तर पाठवलं. मी स्क्रीनशॉट आणि स्टिकरचा फोटो शेजारी शेजारी लावून १९१५ वर तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी कुरिअरवाला बूट न्यायला आला.